दोनशे खड्डे घेण्याआधी मे महिन्यातलं पाणी मोजा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. परभणी जिल्ह्यातल्या तुमच्या तालुक्याच्या गावी कॉलनीत तीस गुंठ्यांची ओपन स्पेस आहे. दहा वर्षांपूर्वी तिथे बाग झाली, झोपाळे आले, गट्टू बसले. आज तिथे कमरेएवढं गाजर गवत, फुटक्या बाटल्या आणि एक मोडकी घसरगुंडी उरली आहे. बारा-पंधरा घरं एकत्र येऊन ५ जूनला दोनशे झाडं लावायची असं तुम्ही ठरवलंय. परवानगी कुणाची घ्यायची, झाडं कोणती लावायची, पैसा कुठून आणायचा आणि केलेलं टिकवायचं कसं, हे तुम्ही विचारलंय.

मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीच्या तिन्हींची उत्तरं त्याच्यावर ठरतात.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. खत-बियाणं विकता विकता २०१४ पासून आमच्या कॉलनीच्या बागेत दर रविवारी सकाळी जातो. आमची सुरुवात अगदी तुमच्यासारखीच झाली. जून २०१४ मध्ये १५१ झाडं लावली, नगरसेवकांनी नारळ फोडला, लेकरांनी हातात पाट्या धरल्या, पेपरात फोटो आला. त्या वर्षी पावसाने दगा दिला आणि पुढच्या वर्षीही दिला. २०१६चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी होतं. त्याआधीच लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली होती. बाया-माणसं रात्री दोनला हापशावर घागरी घेऊन उभी असताना झाडांसाठी टँकर मागायला तोंड कुठलं? आम्ही मागितला नाही. जून २०१६ ला मोजली तेव्हा १५१ पैकी ११ जिवंत होती. सहा कडुनिंब, दोन चिंचा, दोन करंज आणि एक बकुळ.

कडुनिंब, चिंच, करंज जगले याचं नवल नाही. बकुळीचं मात्र नवल वाटलं, कारण ती तशी पाण्याची लाडकी. मग लक्षात आलं की ते झाड कुंपणाच्या कडेला, एका घराच्या मोरीच्या बरोबर मागे होतं. त्या घरातल्या आजी रोज अंघोळीनंतर उरलेली अर्धी बादली भिंतीवरून त्याच्या बुडाशी ओतायच्या. आमच्या बैठकीला त्या कधी आल्या नव्हत्या, वर्गणी दिली नव्हती, फोटोतही नव्हत्या. तेव्हापासून मी एकच हिशेब आधी करतो: १५ मेला या झाडाला पाणी कोण घालणार? नाव सांगता आलं तर खड्डा घ्यायचा.

तुमचा हिशेब करून बघू. पहिल्या वर्षीच्या रोपाला नोव्हेंबर ते जानेवारी आठवड्याला एकदा २० लिटर आणि फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत आठवड्याला दोनदा २० लिटर धरा. थंडीचे १३ आठवडे आणि उन्हाळ्याचे १८ आठवडे. म्हणजे एका झाडाला २६० अधिक ७२०, असे ९८० लिटर. चाळीस झाडांना सुमारे ३९ हजार लिटर लागतं, म्हणजे पाच हजार लिटरचे आठ टँकर. तुमच्या दोनशे झाडांना हेच १ लाख ९६ हजार लिटर होतं, चाळीस टँकर. तुमच्या गावातला मे महिन्यातला टँकरचा भाव यात घाला आणि बैठकीत मोठ्याने वाचा. आमच्याकडे हे वाचून दाखवल्यावर दोन मिनिटं कुणी बोललं नाही, मग एक गुरुजी म्हणाले, ‘तीसच लावू या.’ यात पावसाळ्यातला खंड धरलेला नाही. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये तीन-तीन आठवडे आभाळ कोरडं राहतं, आणि नुकतं लावलेलं रोप तेव्हाच जातं. त्यासाठी एक टँकर वेगळा धरा. दुसऱ्या वर्षी पाणी निम्म्यावर येतं, तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा दिलं तरी भागतं. पुढे कडुनिंब-करंज तुम्हाला विचारत नाहीत.

५ जूनचा आग्रह सोडा. आपल्याकडे पाऊस येतो तो जूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, आणि आला तरी पहिल्या सरीने जमीन नुसती वाफाळते. दोन-तीन चांगले पाऊस होऊन हातभर खाली ओल गेली की लावा. जुलै उजाडला तरी चालेल. ५ जूनला कार्यक्रमच हवा असेल तर त्या दिवशी सगळ्यांनी मिळून बाटल्या वेचा. आम्ही पहिल्या वेळी अकरा पोती काच काढली होती.

खड्डे मात्र उन्हाळ्यातच घ्यायचे, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल, आणि उन्हाने तापू द्यायचे. पहार मारल्यावर खाली काय लागतं ते बघा, कारण ओपन स्पेस ही बहुतेक ठिकाणी कॉलनी बांधतानाचा राडारोडा टाकायची जागा असते. वर चार बोटं काळी माती दिसते, खाली विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोण्या, मुरूम निघतो. आम्हाला एका खड्ड्यात अख्खं संडासचं भांडं सापडलं होतं. असं निघालं तर खड्डा तीन फूट करा, मलबा बाहेर काढा, शेतातली माती आणा. दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि वाळवीसाठी अर्धा किलो निंबोळी पेंड मिसळा. ताजं शेण घालू नका, वाळवीला आवतण दिल्यासारखं होतं.

निव्वळ काळी, भारी माती लागली तर त्रास वेगळा. ती पावसाळ्यात फुगते, पाणी धरून ठेवते, आणि सप्टेंबरच्या झडीत रोपाची मुळं कुजतात. उन्हाळ्यात तीच माती आकसते, मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. म्हणून अशा जागी रोप जमिनीपेक्षा थोडं उंच लावायचं, आणि नोव्हेंबर लागला की आळं करून त्यावर वीतभर आच्छादन घालायचं. आच्छादन विकत घेऊ नका. तुमच्याकडे सोयाबीनचं भुसकट मळणीनंतर बांधावर पडलेलं असतं, ऊस असेल तर पाचट असतं. लोक जाळून टाकतात, मागितलं तर ट्रॉलीभर फुकट देतात. खोडाला चिकटवू मात्र नका, चार बोटं मोकळी सोडा. आच्छादनाने पाणी किती वाचतं ते बोट घालून बघा. पाणी दिल्यावर पाचव्या दिवशी उघड्या आळ्यात माती ढेकळासारखी कडक असते, झाकलेल्या आळ्यात गार लागते.

पाणी कुठून, हा खरा भांडणाचा विषय. बागेत बोअर असेल आणि ते जानेवारीत आटत असेल तर त्याच्या भरवशावर एकही झाड लावू नका. आजूबाजूच्या छपरांचं पाणी मोजा. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हजार चौरस फुटांचं छत म्हणजे ९३ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर ६५ हजार लिटर. त्यातलं वीस टक्के वाया गेलं तरी पन्नास हजारांच्या वर उरतं. एवढं साठवायला टाकी परवडणार नाही, पण वाळू-खडीच्या गाळणीतून बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडता येतं. आमच्या जागेवर आमदार निधीतून एक सभागृह झालं. मला ते कधीच आवडलं नाही. पण झालंच आहे तर त्याच्या पन्हाळीला आम्ही पाइप लावला, आणि आता ते आमच्या बोअरला पाणी देतं.

पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राच्या सांडपाण्याबद्दल सावध राहा. जारवाले खुशीने पाइप काढून देतात, कारण त्यांनाही ते कुठेतरी सोडायचंच असतं. पण त्या पाण्यात क्षार जास्त असतात. काळ्या जमिनीत ते धुऊन जात नाहीत, साचतात. दोन उन्हाळे सतत दिलं की पानांच्या कडा करपतात आणि वर पांढरा थर दिसतो. अडीनडीला चालेल, नेमाने नको. घरातलं भाज्या-डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी त्याहून शंभरपट चांगलं. आम्ही कुंपणालगतची झाडं घरांना वाटून दिली आहेत, प्रत्येक घराला आपल्या दारासमोरची दोन. मधली झाडं टँकरची. आजतागायत मेलेल्या झाडांत मधलीच जास्त आहेत.

आता झाडं कोणती. तीस गुंठे म्हणजे साडेबत्तीस हजार चौरस फूट. त्यात मोठी झाडं चाळीसच्या वर नकोत, कारण लेकरांना पळायला मोकळी जागा लागते. कडेने कडुनिंब, करंज, चिंच. एका कोपऱ्यात, भिंतीपासून आणि पाण्याच्या पाइपापासून तीस-चाळीस फूट लांब, एकच वड किंवा एकच पिंपळ. त्याला पुढे पार बांधता येतो. मधे-मधे बहावा, आपटा, बेल, कवठ. पळस लावायचा तर बी थेट जागेवर टोचा. त्याचं सोटमूळ लांब जातं, पिशवीतलं रोप रुसतं. सीताफळ जरूर लावा. आपल्या बालाघाटाच्या डोंगरात ते आपोआप उगवतं, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही आहे, आणि तुमच्या दृष्टीने मोठी गोष्ट म्हणजे शेळी त्याला तोंड लावत नाही. अडुळशालाही लावत नाही, म्हणून कुंपणाला अडुळसा आणि निरगुडी. विजेच्या तारांखाली उंच वाढणारं काही लावू नका. मे महिन्यात तारांखालच्या फांद्या छाटल्या जातात, त्यात छाटणाऱ्यांची चूक नसते, लावणाऱ्यांची असते.

कोनोकार्पस (हे शोभेचं विदेशी झाड) कुणी फुकट दिला तरी घेऊ नका. झपाट्याने वाढतो, वर्षभर हिरवा राहतो, म्हणून कंत्राटदारांचा आवडता. गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. सुबाभूळ एक लावली की शंभर होतात. गुलमोहर दिसायला देखणा, पण लाकूड ठिसूळ आणि मुळं वरवर. वळवाच्या वादळात आमच्या बागेतल्या एका गुलमोहराची फांदी रिकाम्या बाकावर पडली. बाक रिकामा होता हे नशीब. कण्हेर सगळ्या अंगाने विषारी आहे, लहान लेकरं खेळतात तिथे नको.

रोपं सामाजिक वनीकरणाच्या किंवा वन विभागाच्या रोपवाटिकेतून घ्या. लहान पिशवीतली वीतभर रोपं शंभर घेण्यापेक्षा मोठ्या पिशवीतली पुरुषभर उंचीची तीस घ्या. पिशवी कापल्यावर मुळं तळाशी गोल गुंडाळलेली दिसली तर तो वेढा कापून टाका. तसंच लावलं तर झाड चार वर्षं बरं दिसतं आणि मग वाऱ्यात मुळासकट आडवं होतं. आधाराला बांबू, बांधायला सायकलची जुनी ट्यूब, आठाच्या आकड्यासारखी सैल. लोखंडी ट्री-गार्ड आमचे दुसऱ्याच महिन्यात भंगारात गेले. बोराटीचे काटे किंवा तुराट्यांचं कुंपण चोरायला कुणी येत नाही. आणि जे गार्ड टिकतात ते तिसऱ्या वर्षी काढायला विसरू नका. गावोगाव रस्त्याकडेला लोखंड पोटात घेऊन वाढलेली झाडं दिसतात.

गाजर गवत हे तुमचं पहिल्या पावसाळ्यातलं मुख्य काम. फुलं यायच्या आधी, पावसाने जमीन मऊ असताना, मुळासकट उपटा. एक झाड हजारो बिया टाकतं, त्यामुळे फुललेलं उपटून उपयोग अर्धाच. हातात मोजे, पूर्ण बाह्या, तोंडाला रुमाल. कुणाला खाज किंवा दमा असेल तर त्यांना या कामाला बोलावूच नका. आमच्या एका मित्राच्या मानेवरचं चट्टं अजून दर पावसाळ्यात उठतं. फूल न आलेलं गवत खड्ड्यात टाकून खत होतं. गाजर गवतावर जगणारा झायगोग्रामा नावाचा मेक्सिकन भुंगा आहे. पावसाळ्यात तो पानं खाऊन झाडाचा सांगाडा करतो. तुम्हाला तर परभणीचं कृषी विद्यापीठ जवळ आहे, तिथल्या कीटकशास्त्र विभागात चौकशी करा. भुंगे सोडले की त्या भागात फवारणी करायची नाही, एवढं पथ्य. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला तरोट्याच्या शेंगा गोळा करून ठेवा, मे अखेरीस त्या जागी बी फेका. तरोटा आधी उगवला की गाजर गवताला जागा देत नाही. वरून त्याची कोवळी भाजीही होते.

वाळलेलं गवत पेटवून साफ करायचा मोह होईल. आम्ही २०१८च्या मार्चमध्ये ते केलं. चार माणसं बादल्या घेऊन उभी होती, वारा फिरला, आणि जगवलेल्यांतली नऊ झाडं भाजली. पाच पुन्हा फुटली, चार गेली. गवत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, पूर्ण वाळायच्या आत, विळ्याने कापा आणि आच्छादनाला वापरा. कडेने सहा फूट पट्टा साफ ठेवा, सिगारेटची थोटकं बाहेरूनच येतात. बीडजवळ पालवणला सह्याद्री देवराईत फेब्रुवारी २०२० मध्ये वृक्षसंमेलन झालं, वडाचं झाड अध्यक्ष होतं. एवढ्या मायेने वाढवलेल्या त्या डोंगरालाही पुढे आगीने सोडलं नाही.

आता कागद. हा भाग रटाळ आहे, पण बाग हातची जाते ती गवताने नाही, कागदाने जाते. पहिल्यांदा मंजूर लेआउटचा नकाशा मिळवा आणि त्यात तुमची जागा ‘खुली जागा’ म्हणून दाखवली आहे का ते बघा. मग तिचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक काढा. लेआउट मंजूर झालेला असतो, प्लॉट विकलेले असतात, पण खुल्या जागेवर अजून मूळ मालकाचंच नाव असतं, असं पुष्कळ ठिकाणी निघतं. वीस वर्षांनी वारस येतात आणि जागेला तार घालतात. असं असेल तर झाडं राहू द्या बाजूला, आधी पालिकेचं नाव लागण्यासाठी अर्ज करा, आणि भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून हद्दीच्या खुणा रोवून घ्या. माहिती मिळत नसेल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात मागा. पण तो अर्ज पहिल्याच दिवशी करू नका. ज्या कारकुनाकडे पुढची दहा वर्षं जायचंय, त्याच्याशी ओळख अर्जाने नाही, चहाने करावी.

परवानगीसाठी पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे साधं पत्र द्या. आम्ही रहिवासी श्रमदानाने देखभाल करू इच्छितो, जागेवर कोणताही हक्क सांगणार नाही, पक्कं बांधकाम करणार नाही. हक्काचं वाक्य जरूर टाका, त्याने टेबलापलीकडची निम्मी भीती जाते. प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय उठायचं नाही. आमचं पहिलं पत्र आम्ही विश्वासाने नुसतं हातात दिलं होतं. सहा महिन्यांनी साहेब बदलले, पत्र कुणी पाहिलंच नव्हतं. पालिकेलाही तुमची गरज असते हे लक्षात ठेवा. २०२० पासून ‘माझी वसुंधरा’ अभियानात शहरांना हिरवाईसाठी गुण मिळतात. तुमच्या बागेचे फोटो त्यांच्या अहवालात जाऊ द्या, आणि बदल्यात आठवड्याला एक टँकर मागा. आम्हाला असाच मिळाला, नियमित नाही, पण मिळाला.

जुनी झाडं असतील तर त्यांना परस्पर हात लावू नका. नागरी क्षेत्रातली झाडं १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली येतात, तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. जागेत म्हातारा कडुनिंब किंवा चिंच असेल तर त्याची पालिकेकडे लेखी नोंद करून घ्या. एक वारसा वृक्ष असलेल्या जागेवर बांधकामाचा नकाशा काढणं अवघड जातं.

बांधकामाचं बोलायलाच हवं, कारण ते येणारच. ओपन स्पेस साफ झाली की ती लोकांच्या डोळ्यात भरते. आधी कुणी फिरकत नव्हतं तिथे मग देऊळ, सभागृह, ओपन जिम, पुतळा, सगळ्यांना जागा दिसायला लागते. सार्वजनिक रस्ते, बागा, जागांवर कुठल्याही धर्माचं नवं अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९चा आदेश आहे. तो माहीत असू द्या, पण खिशात ठेवा. आमच्याकडे देवळाची गोष्ट निघाली तेव्हा आम्ही आदेश काढला नाही. ज्या काकांनी विषय काढला होता त्यांना घरी जाऊन विचारलं, की पिंपळाला पार बांधून संध्याकाळी हरिपाठ तिथे केला तर? पाराला माती-दगडच लागले, खोडाभोवती सिमेंट नाही. आज तिथे रोज सात-आठ माणसं हरिपाठाला बसतात, आणि त्या कोपऱ्यातली बाटल्यांची मैफल उठली. बाटलीवाल्यांशी भांडू नका, हे त्यावरून शिकलो. अंधार, आडोसा आणि निवांतपणा या तीन गोष्टींसाठी ते येतात. कुंपणाची झुडपं कमरेच्या खाली छाटा, एक दिवा चालू ठेवा, संध्याकाळी सात ते नऊ कुणीतरी बसू द्या. ते दुसरीकडे जातात. कुठे जातात ते मला माहीत आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

क्रिकेटच्या पोरांना हाकलण्याची चूक आम्ही केली. एका रात्रीत बारा रोपं मोडली. नंतर मधली जागा त्यांना दिली, दोन झाडं स्वतःच उपटून कडेला नेली. ती पोरं मग पाइप ओढायला यायची. पण ती तीन वर्षांत पुण्याला कामाला गेली, नवी पोरं आली, तीच बोलणी पुन्हा. हे दर तीन वर्षांनी करावं लागतं, त्रागा करून उपयोग नाही. शेळ्या घेऊन येणाऱ्या मावशींचंही तसंच. त्यांना कापलेलं गवत आणि करंजाच्या छाटलेल्या फांद्या बांधून द्यायला लागलो, तेव्हा त्या दाराशी थांबायला लागल्या.

सगळ्यात चांगली राखण मिळाली ती आम्ही ठरवलेली नव्हती. स्पर्धा परीक्षेची मुलं. अभ्यासिकेत पंखा बंद पडला की ती चिंचेखाली सतरंजी टाकायची. दुपारी बारा ते चार, म्हणजे ज्या वेळी बाग ओस असते आणि सगळी मोडतोड होते, नेमकी तेव्हा. आम्ही त्यांना दोन दगडी बाक आणि पिण्याच्या पाण्याचा माठ ठेवला. बस्स. बायका मात्र वर्षभर आल्या नाहीत. कारण विचारलं तर कळलं, की सगळे बाक रस्त्याकडे पाठ करून, झुडपांच्या आड होते. फिरवून रस्त्याच्या नजरेत आणले आणि महिन्याभरात संध्याकाळी जागा पुरेना. हे बारा पुरुषांच्या बैठकीत कुणाला सुचलं नव्हतं. तुमच्याकडे तुम्ही आहात, ही जमेची बाजू.

सणांचं आधी बोलून ठेवा. वटपौर्णिमेला फांद्या, दसऱ्याला आपटा, होळीला लाकूड. आपटा तर पाच वर्षांचा होईपर्यंत दसऱ्याच्या आदल्या दिवशी राखावा लागतो, नाहीतर सकाळी नुसता खराटा उरतो. आमच्या लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला अख्खं गाव शेतात जेवायला जातं. ज्यांना शेत नाही, बदलीवर आलेले, भाड्याने राहणारे, ते त्या दिवशी घरात बसून असतात. एका वर्षी आम्ही त्यांना भज्जी, आंबील, उंडे घेऊन बागेत बोलावलं. सव्वीस घरं आली. त्यातल्या कुणाच्याही नावावर गावात वीतभर जमीन नव्हती. पाण्याच्या पाळ्या लावायला मला त्यानंतर कुणाच्या मागे लागावं लागलं नाही.

पैशांचं लवकर आटपतो. पहिलं वर्ष रोख वर्गणी गोळा करू नका. भांडण तिथूनच सुरू होतं. वस्तू मागा: कुणी टिकाव, कुणी पाइप, कुणी एक टँकर. संस्था नोंदवायला सात माणसं लागतात, १८६०च्या संस्था नोंदणी आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यांखाली नोंदणी होते, पण मग दरवर्षी हिशेब आणि पदाधिकारी बदलले की द्यायचे बदल अर्ज सांभाळावे लागतात. एक उन्हाळा पार पडू द्या, कोण टिकतंय ते दिसेल, मग नोंदवा. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात १८४ जण आहेत, रविवारी सातला नऊ येतात. मी नऊचाच हिशेब धरतो.

तर या रविवारी टेप घेऊन जा. जागेची लांबी-रुंदी, बोअरची खोली, मे महिन्यात त्याला दिवसाला किती वेळ पाणी येतं, कुंपणालगत किती घरं आणि त्यातली किती घरं दोन झाडं घ्यायला तयार आहेत, नावानिशी लिहून काढा. दोन ठिकाणी पहार मारून माती बघा. एवढं मला कळवा, मग खड्डे किती घ्यायचे ते सांगतो.